एसयूव्हीला मोठे टायर बसवताय? ‘घासत नाही’ एवढ्यावर का थांबू नये

नवी एसयूव्ही घरी येऊन महिनाही झालेला नसतो आणि ती टायरच्या दुकानासमोर उभी असते. कंपनीचे टायर उतरतात. त्यांच्या जागी रुंद, उंच, खोल खाचांचे टायर चढतात. गाडी एकदम रांगडी दिसू लागते. फोटो निघतात, रील तयार होते. मग दुकानातून बाहेर पडताना पहिल्याच यू-टर्नला स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढच्या चाकातून आवाज येतो... खर्र!

टायर घासतोय. ‘थोडं प्लास्टिक कापलं की होऊन जाईल’ हा त्यावर मिळणारा नेहमीचा सल्ला. प्लास्टिक कापलं जातं, आवाज बंद होतो आणि विषय संपला असं समजलं जातं.

पण विषय तिथे संपतो का? टायर नेमका कुठे आणि का घासतो? किती मोठा टायर चालतो? लिफ्ट किट लावलं की प्रश्न सुटतो का? आणि यावर कायदा काय म्हणतो?

हा विषय आत्ताच का?

भारतात एसयूव्ही आता हौशी लोकांपुरती उरलेली नाही. वाहन उत्पादकांची संघटना असलेल्या ‘सियाम’च्या आकडेवारीनुसार, 2024-25 या आर्थिक वर्षात देशात सुमारे 43 लाख प्रवासी वाहनं विकली गेली आणि त्यात युटिलिटी वाहनांचा वाटा सुमारे 65 टक्के होता. महिंद्रा थार, मारुती सुझुकी जिम्नी यांसारख्या फोर-बाय-फोर गाड्यांमुळे ‘ऑफ-रोडिंग’ हा शब्दही घराघरात पोहोचला.

त्यात 22 सप्टेंबर 2025 पासून नव्या टायरवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. टायर बदलायचेच आहेत तर एक साईज मोठे घेऊया, हा विचार त्यामुळे आणखी सोपा झाला.

सह्याद्रीच्या आसपास राहणाऱ्यांसाठी हा प्रश्न थेट रस्त्याशी जोडलेला आहे. ताम्हिणी, वरंध, आंबोली, माळशेज यांसारख्या घाटांत गाडी सतत वळते, भरलेली असते आणि उतारावर ब्रेकवर चालते. मोठ्या टायरची खरी परीक्षा दुकानाबाहेरच्या सपाट रस्त्यावर होत नाही, ती अशा घाटात होते.

टायरवरचे आकडे काय सांगतात?

टायरच्या बाजूवर एक साईज लिहिलेली असते. थारच्या 18 इंची रिम असलेल्या प्रकारावर ती 255/65 आर18 अशी असते. थार इथे फक्त उदाहरण म्हणून घेतली आहे, गणित कुठल्याही गाडीला तेच लागू होतं.

255 म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये.

65 म्हणजे टायरच्या बाजूची उंची. हे मिलिमीटर नाहीत, रुंदीचे टक्के आहेत. 255 चे 65 टक्के म्हणजे सुमारे 166 मिमी.

आर म्हणजे रेडियल टायर आणि 18 म्हणजे रिमचा व्यास, इंचांमध्ये. 18 इंच म्हणजे 457.2 मिमी.

आता पूर्ण टायरचा व्यास काढायचा, तर रिमचा व्यास अधिक वरची आणि खालची अशा दोन्ही बाजूंची उंची. म्हणजे 457.2 अधिक 331.5. उत्तर येतं 788.7 मिमी, साधारण 31 इंच.

दुसरा आकडा टक्क्यांत असतो हे लक्षात न आल्यामुळे अनेकांची गफलत होते. 255/65 ऐवजी 265/65 घेतला तर फक्त रुंदी वाढेल असं वाटतं. पण रुंदी वाढली की तिचे 65 टक्केही वाढतात, म्हणजे टायर उंचही होतो.

थारच्या मूळ 788.7 मिमी व्यासाशी तुलना केली तर काही पर्याय असे दिसतात:

265/65 आर18: व्यास 801.7 मिमी, वाढ सुमारे 1.6 टक्के
275/65 आर18: व्यास 814.7 मिमी, वाढ सुमारे 3.3 टक्के
285/65 आर18: व्यास 827.7 मिमी, वाढ सुमारे 4.9 टक्के
285/70 आर17: व्यास 830.8 मिमी, वाढ सुमारे 5.3 टक्के

यातला शेवटचा पर्याय बघण्यासारखा आहे. रिम 18 वरून 17 इंचांवर आली, म्हणजे लहान झाली. तरीही टायर चारही पर्यायांत सर्वांत मोठा आहे. त्यामुळे नुसता रिमचा आकडा बघून टायर लहान की मोठा हे ठरवता येत नाही.

तीन टक्क्यांचा ठोकताळा कुठून आला?

मूळ व्यासापेक्षा तीन टक्क्यांहून जास्त फरक नको, असा एक ठोकताळा टायरच्या व्यवसायात सर्रास पाळला जातो. तो कायद्यातला आकडा नाही, व्यवहारातून आलेली मर्यादा आहे. एवढ्या फरकात स्पीडोमीटर, ब्रेक, गिअर आणि चाकाच्या कमानीतली जागा यांचा मेळ फारसा बिघडत नाही, असा त्यामागचा विचार आहे.

कंपन्या स्वतः काय करतात हे पाहिलं की हा ठोकताळा आणखी पटतो. थारच्या एका प्रकारात 245/75 आर16 टायर येतो आणि दुसऱ्यात 255/65 आर18. रिममध्ये दोन इंचांचा फरक आहे, पण टायरच्या व्यासात फरक दोन टक्क्यांच्या आत आहे. थार रॉक्समध्ये 255/65 आर18 आणि 255/60 आर19 असे दोन्ही टायर दिले जातात. रिम एका इंचाने वाढली, पण व्यास 788.7 वरून 788.6 मिमी, म्हणजे जवळपास होता तेवढाच राहिला.

थोडक्यात, कंपनी रिम मोठी करते तेव्हा टायरच्या बाजूची उंची कमी करून व्यास सांभाळते. हौसेखातर केलेल्या बदलात नेमकं उलटं होतं. तिथे व्यासच वाढवायचा असतो, कारण गाडी उंच दिसायला हवी असते.

टायर नेमका घासतो कुठे?

चाकाच्या कमानीत टायरला चारही बाजूंनी थोडी थोडी मोकळी जागा ठेवलेली असते. ही जागा वाया गेलेली नसते. स्टिअरिंग वळल्यावर, खड्ड्यात सस्पेन्शन दबल्यावर आणि टायरमध्ये चिखल-दगड अडकल्यावरही चाक मोकळं फिरावं यासाठी ती असते. मोठा टायर हीच जागा खातो.

घासण्याचे प्रसंग मुख्यतः तीन.

पहिला, स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर. पुढचं चाक वळलं की टायरची एक कड आत, चासी किंवा सस्पेन्शनच्या आर्मकडे जाते. दुसरी कड बाहेर, बम्परच्या कोपऱ्याकडे किंवा मडफ्लॅपकडे जाते. यू-टर्नला येणारा आवाज बहुतेक वेळा इथला असतो.

दुसरा, सस्पेन्शन दबल्यावर. गाडीत पाच माणसं आणि सामान असताना खड्डा किंवा गतिरोधक आला की चाक कमानीत वर जातं. टायर उंच असेल तर तो वरच्या प्लास्टिकच्या लायनरला किंवा मडगार्डच्या पत्र्याला लागतो.

तिसरा आणि सर्वांत अवघड प्रसंग म्हणजे दोन्ही एकदम. घाटातल्या वळणावर स्टिअरिंग वळलेलं, गाडी भरलेली आणि त्याच क्षणी पुढचं एक चाक खड्ड्यात. रिकामी गाडी सपाट जागेवर उभी करून केलेल्या तपासणीत हा प्रसंग येतच नाही. म्हणून दुकानात न घासणारा टायर वरंध घाटात घासू शकतो.

प्लास्टिकला घासणारा टायर त्रासदायक असतो. धातूला घासणारा टायर धोकादायक असतो. टायरची बाजू हा त्याचा सर्वांत नाजूक भाग असतो. तिथे चीर पडली तर पंक्चरसारखं ठिगळ लावून भागत नाही, टायरच बदलावा लागतो. शिवाय ब्रेक ऑइलचा होज आणि एबीएस सेन्सरची वायर याच कमानीतून जातात. टायर तिथे लागत असेल तर प्रश्न आवाजाचा राहत नाही, ब्रेकचा होतो.

रिमचा ऑफसेट आणि स्पेसर: आतलं वाचलं, बाहेरचं अडलं

टायर आत घासत असेल तर चाकच थोडं बाहेर सरकवण्याचा उपाय सुचवला जातो. त्यासाठी कमी ऑफसेटची रिम बसवतात किंवा चाक आणि हबच्या मध्ये स्पेसर लावतात.

ऑफसेट म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणारा भाग किती अंतरावर आहे ते. रिमवर तो ईटी 40, ईटी 25 असा लिहिलेला असतो. आकडा जितका कमी, तितकं चाक बाहेर येतं.

एक उदाहरण पाहू. 255 ऐवजी 285 रुंदीचा टायर घेतला. रुंदी 30 मिमीने वाढली, म्हणजे आत 15 आणि बाहेर 15. आता ईटी 40 ऐवजी ईटी 15 ची, तेवढ्याच रुंदीची रिम लावली तर अख्खं चाक 25 मिमी बाहेर येतं. हिशेब असा होतो: आतल्या बाजूला आधीपेक्षाही 10 मिमी जास्त जागा मिळाली, पण बाहेरची कड तब्बल 40 मिमी बाहेर आली.

म्हणजे चासीला घासणं थांबलं. पण चाक आता मोठ्या वर्तुळात वळतं, त्यामुळे ते बम्परच्या कोपऱ्याला लागण्याची शक्यता वाढली. टायर मडगार्डच्या बाहेर आला तर त्यातून उडणारे दगड आणि चिखल मागच्या दुचाकीस्वाराच्या अंगावर जातात. चाक बाहेर सरकलं की व्हील बेअरिंग आणि स्टिअरिंगच्या जोडांवरचा ताणही वाढतो. खड्ड्यात स्टिअरिंगला बसणारा हिसका आधीपेक्षा जोरात जाणवतो, तो यामुळेच.

लिफ्ट किट लावलं की प्रश्न सुटतो?

हा सर्वांत मोठा गैरसमज. सस्पेन्शन लिफ्ट किट गाडीची बॉडी चाकांपासून वर उचलतं. गाडी उभी असताना टायर आणि कमान यांच्यामधलं अंतर वाढलेलं दिसतं. पण सस्पेन्शन पूर्ण दबलं की चाक किती वर जाणार, हे बम्प स्टॉप ठरवतो. बम्प स्टॉप म्हणजे सस्पेन्शनला एका मर्यादेवर थांबवणारा रबरी ठोकळा. तो बदलला नसेल तर मोठ्या खड्ड्यात चाक आधीइतकंच वर जाईल आणि टायर तिथेच लागेल. लिफ्टमुळे घासणं कमी वेळा होतं, पण सर्वांत वाईट क्षण टळत नाही.

दुसरं म्हणजे स्टिअरिंग वळवल्यावर चासीला किंवा आर्मला घासणारा टायर लिफ्टने फारसा सुटत नाही. कारण तो बाजूने घासतो, वरून नाही.

बॉडी लिफ्ट हा आणखी एक प्रकार. त्यात चासी आणि बॉडी यांच्यामध्ये ठोकळे टाकतात. हे फक्त वेगळी चासी असलेल्या गाड्यांतच शक्य आहे. क्रेटासारख्या मोनोकॉक रचनेच्या गाड्यांत बॉडी आणि चासी वेगळी नसतेच.

लिफ्टची किंमत फक्त बिलावर लिहिलेली नसते. पुढच्या चाकांना शक्ती देणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा कोन बदलतो आणि त्याचे जोड लवकर झिजतात. अलाइनमेंट नव्याने करावी लागते. फक्त पुढची बाजू उचलली असेल तर हेडलाइटचा झोतही वर जातो आणि रात्री समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात.

मग न घासता टायर बसवण्याचा मार्ग कोणता?

पहिलं, साईज आधी कागदावर ठरवा. व्यासातली वाढ दोन-तीन टक्क्यांच्या आत असेल तर अनेक गाड्यांत काहीही न कापता काम होतं. दारातल्या स्टिकरवर आणि मॅन्युअलमध्ये कंपनीने मान्य केलेल्या साईज दिलेल्या असतात. त्याच मॉडेलच्या वरच्या प्रकारात मोठा टायर येत असेल तर तो सर्वांत सुरक्षित पर्याय, कारण कंपनीने त्या मॉडेलवर तो तपासलेला असतो. मात्र ब्रेक आणि सस्पेन्शन दोन्ही प्रकारांत सारखंच आहे का, हे सर्व्हिस सेंटरला विचारून घ्यावं.

दुसरं, टायरबरोबर रिमही बघा. प्रत्येक टायरसाठी रिमची किमान आणि कमाल रुंदी ठरलेली असते. अरुंद रिमवर रुंद टायर ताणून बसवला तर त्याचा आकार बिघडतो आणि तो असमान झिजतो. रिम लहान करणार असाल तर ती ब्रेक कॅलिपरला लागत नाही ना, हेही बघावं लागतं.

तिसरं, लोड इंडेक्स आणि स्पीड रेटिंग कमी होऊ देऊ नका. टायरवर साईजनंतर 111 टी असं काहीतरी लिहिलेलं असतं. 111 म्हणजे त्या टायरची वजन पेलण्याची क्षमता 1090 किलो आणि टी म्हणजे कमाल वेग ताशी 190 किमी. काही ऑफ-रोड टायरवर क्यू लिहिलेलं असतं, त्याची मर्यादा ताशी 160 किमी असते.

चौथं, आधी एकच टायर चढवून बघा. चारही टायरचे पैसे मोजण्याआधी पुढचं एक चाक बसवून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. पुढे जाऊन बघा आणि रिव्हर्समध्येही बघा, कारण ब्रेक लावताना आणि मागे जाताना चाक कमानीत किंचित पुढे-मागे सरकतं. ही तपासणी दुकानाच्या मोकळ्या आवारातच करावी. वेगळ्या व्यासाचं एक चाक घेऊन रस्त्यावर जाऊ नये.

पाचवं, चारही टायर बसल्यावर गाडी भरून तपासा. पाच जण बसवा, मागे सामान ठेवा आणि खराब रस्त्यावर सावकाश चालवा. त्याआधी कमानीच्या आतल्या भागावर खडूने जाड रेघा ओढून ठेवा. परत आल्यावर जिथे रेघ पुसली गेलेली दिसेल, तिथे टायर लागतोय. आवाजापेक्षा हा पुरावा जास्त विश्वासाचा आहे, कारण म्युझिक सुरू असलेल्या केबिनमध्ये हलकं घासणं ऐकूच येत नाही.

हलकं घासणं फक्त प्लास्टिकच्या लायनरला किंवा मडफ्लॅपला होत असेल तर तो भाग थोडा मागे बांधता येतो किंवा छाटता येतो. स्टिअरिंगचा स्टॉप वाढवून चाकाचं वळणं कमी करणं हाही एक उपाय आहे. पण त्यामुळे गाडीला वळायला जास्त जागा लागते. आधी एका दमात निघणाऱ्या घाटातल्या वळणावर मग रिव्हर्स घ्यावा लागू शकतो. बॉडीचा पत्रा किंवा जोड कापावा लागत असेल, तर निवडलेली साईज त्या गाडीसाठी नाही, असाच त्याचा अर्थ घ्यावा.

घासत नाही, म्हणजे सगळं ठीक आहे?

खरा प्रश्न इथून सुरू होतो. घासणं ऐकू येतं, म्हणून त्यावर उपाय होतो. मोठ्या टायरचे बाकीचे परिणाम आवाज करत नाहीत.

स्पीडोमीटर: गाडीचा वेग चाक किती वेळा फिरलं त्यावरून मोजला जातो. टायरचा व्यास 5.3 टक्क्यांनी वाढला तर चाकाच्या प्रत्येक फेरीत गाडी तेवढंच जास्त अंतर कापते, पण मीटरला ते कळत नाही. जुन्या टायरवर काटा जिथे 100 दाखवत होता, तिथेच असताना आता गाडीचा वेग त्याहून 5 किमीने जास्त असतो. कंपन्या स्पीडोमीटर साधारणपणे खऱ्या वेगापेक्षा किंचित जास्त दाखवेल असा ठेवतात. मोठा टायर ती राखीव मर्यादा खाऊन टाकतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाट भागात कारसाठी ताशी 100 किमीची मर्यादा आहे आणि तिथे कॅमेरे आहेत. कॅमेरा तुमच्या मीटरवरचा वेग बघत नाही, खरा वेग बघतो.

ओडोमीटर आणि मायलेज: मीटरवर 10,000 किमी दिसत असतील तेव्हा गाडी प्रत्यक्षात सुमारे 10,530 किमी धावलेली असते. त्यामुळे सर्व्हिस उशिरा होते. मायलेज कागदावर जितकं घटलेलं दिसतं, त्यातला काही भाग मोजण्यातली चूक असतो. पण जड आणि खोल खाचांच्या टायरमुळे इंधनाचा खर्च खरोखरही वाढतो.

ब्रेक: गाडी थांबवताना ब्रेक हबवर जोर लावतो आणि रस्त्यावर तो जोर टायरच्या त्रिज्येतून पोहोचतो. त्रिज्या पाच टक्क्यांनी वाढली तर पेडल तेवढंच दाबूनही रस्त्यावरचा जोर जवळपास तेवढ्याच प्रमाणात कमी पडतो. त्यात टायर जड असल्याने फिरतं चाक थांबवायलाही जास्त ताकद लागते. घाटाच्या उतारावर इंजिन ब्रेकिंगही याच कारणाने कमी जाणवतं. एका ब्रेकला हा फरक लक्षात येत नाही. भरलेल्या गाडीने दहा-पंधरा वळणं उतरल्यावर, ब्रेक तापल्यावर तो येतो.

तोल: व्यास 42 मिमीने वाढला तर गाडी 21 मिमीने उंच होते. त्यावर लिफ्ट किट आलं तर आणखी काही सेंटिमीटर. एसयूव्हीचा गुरुत्वमध्य आधीच वर असतो. अचानक समोर जनावर आलं आणि स्टिअरिंग झटक्यात फिरवलं, तर ही उंची महागात पडते. अशा वेळी गाडी सावरणाऱ्या ईएसपीसारख्या यंत्रणा मूळ टायर आणि मूळ उंची गृहीत धरून जुळवलेल्या असतात.

स्टेपनी: चार टायर मोठे आणि स्टेपनी जुनी, हे सर्रास दिसतं. थार किंवा जिम्नीसारख्या गाडीत फोर-व्हील ड्राइव्ह लावल्यावर पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांना बांधला जातो. अशा वेळी एक चाक वेगळ्या व्यासाचं असेल तर गिअर यंत्रणेवर ताण येतो. स्टेपनीही मोठी घेतली तर ती मागच्या दारावर लटकते आणि तिचं वाढीव वजन दाराच्या बिजागऱ्या पेलतात. केंद्र सरकारने जून 2020 मध्ये अनेक प्रकारच्या नव्या टायरच्या आयातीवर निर्बंध आणले. त्यामुळे आयात होणारा एखादा वेगळाच आकार घेतला असेल, तर एक टायर फाटल्यावर तसाच दुसरा लगेच मिळेल याची खात्री नसते.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार, उत्पादकाने मूळ दिलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात नमूद असलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला वाहनात करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हे कलम स्पष्ट केलं. न्यायमूर्ती अरुण मिश्रा आणि न्यायमूर्ती विनीत सरन यांच्या पीठाने उत्पादकाच्या मूळ तपशिलांपासून वाहन वेगळं करणारे बदल कायद्यात बसत नाहीत, अशी भूमिका घेतली.

त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कायद्यात कलम 182अ आलं. कायद्यात परवानगी नसलेला बदल केल्यास वाहनमालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

मग मोठा टायर थेट बेकायदा आहे का? इथे थोडा गुंता आहे. खासगी कारच्या आरसीवर इंजिन, चासी, रंग, बॉडीचा प्रकार, आसनसंख्या असे तपशील असतात. टायरची साईज त्यात सहसा नसते. त्यामुळे कंपनीने मान्य केलेल्या दुसऱ्या साईजचा किंवा किंचित मोठा टायर आणि पत्रा कापून, लिफ्ट किट लावून, मडगार्डबाहेर आलेला टायर यांच्याकडे एकाच नजरेने पाहिलं जात नाही. पण वाहनाला मान्यता मिळते तेव्हा पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या संस्थांमधली चाचणी ठरावीक टायरवरच झालेली असते. त्यामुळे बदल जितका मोठा, तितकी ‘उत्पादकाच्या मूळ तपशिलांपासून वेगळं वाहन’ ठरण्याची शक्यता जास्त.

हा धोका नुसता कागदावरचा नाही. श्रीनगरच्या वाहतूक न्यायालयाने हार्ड टॉप, मोठे टायर, एलईडी दिवे आणि सायरन असे बदल केलेल्या एका थारच्या मालकाला सहा महिन्यांची शिक्षा सुनावली होती. नंतर त्याला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर तुरुंगाबाहेर राहण्याची सवलत मिळाली. मात्र गाडी मूळ स्थितीत आणण्याचा आदेश झाला.

विमा आणि वॉरंटीचं काय?

गाडीत केलेला महत्त्वाचा बदल विमा कंपनीला कळवणं अपेक्षित असतं. तो कळवला नसेल आणि अपघाताचा त्या बदलाशी संबंध जोडला गेला, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा फेटाळला किंवा कमी केला जाऊ शकतो. नेहमीच्या पॅकेज पॉलिसीत गाडीला इजा न होता फक्त टायर फाटला तर भरपाई मिळत नाही. अपघातात गाडीबरोबर टायरचंही नुकसान झालं तर टायरच्या किमतीची 50 टक्क्यांपर्यंत भरपाई मिळते. घासून फाटलेल्या टायरचा खर्च म्हणजे जवळपास नेहमीच मालकाच्या खिशातून.

वॉरंटीचंही तसंच. टायर मोठा केला म्हणून म्युझिक सिस्टिमची वॉरंटी जाणार नाही. पण बेअरिंग, सस्पेन्शन, स्टिअरिंग किंवा ड्राइव्ह शाफ्टमध्ये बिघाड झाला, तर सर्व्हिस सेंटरचा पहिला प्रश्न टायरबद्दलच असेल. म्हणून टायर बसवण्याआधी विमा कंपनी आणि सर्व्हिस सेंटर या दोघांचंही म्हणणं लेखी घेतलेलं बरं.

थोडक्यात

मोठा टायर घेणं चूक नाही. खडकाळ वाटेवर, चिखलात आणि नदीपात्रात त्याचा खरा उपयोग आहे. प्रश्न आहे तो कुठे थांबायचं याचा. ज्यांची गाडी वर्षातले बहुतेक दिवस ऑफिस, शाळा आणि महामार्गावर धावते, त्यांना साईज न वाढवता मूळ मापातच मिळणारे ऑल-टेरेन टायर पुरेसे ठरू शकतात. खाचा खोल, पकड चांगली आणि घासण्याचा प्रश्नच नाही.

त्याहून मोठा टायर हवाच असेल, तर दुकानात विचारायचा प्रश्न बदलायला हवा. ‘हा टायर घासेल का?’ या प्रश्नाला ‘नाही घासणार’ हे उत्तर सहज मिळतं. ‘पाच माणसं आणि सामान घेऊन घाट उतरताना ही गाडी आधीसारखी थांबेल का?’ असं विचारून बघा. या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत कंपनीचे टायर विकून टाकू नयेत.